यातला आप्पांचा कोणता?

“भाऊ, नावं तर सगळ्यांची सांगितली तुम्ही. पण यातला आप्पांचा कोणता?”

आप्पांच्या लेकीनं हे विचारलं तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन एकच दिवस झाला होता. आप्पा गेल्यानंतरची ही पहिली आखाजी, म्हणून घागर भरताना माय, म्हणजे आप्पांची बायको, जरा जास्तच वेळ तिथं बसून राहिली होती. पितरांच्या नावानं विस्तवावर आगारी टाकून झाली, खापरावरची पुरणपोळी आणि आमरसाची जेवणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, बोरी नदीच्या कोरड्या पात्रावर ऊन नुसतं पेटलेलं असताना, लेकीनं माळ्यावरून आप्पांची काळी ट्रंक उतरवून घेतली. ट्रंकेत डिस्चार्ज बुक, मेडलं, एक लोकरी मफलर आणि तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्याचं झाकण गंजून घट्ट बसलेलं, ते चमच्यानं उचकटावं लागलं. डांबरगोळ्यांचा वास आला आणि आतून निघाले ते फौजी वर्दीवरचे कापडी बिल्ले. मला या विषयाचं वेड आहे हे अमळनेर-पारोळ्याकडच्या माझ्या गोतावळ्यात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे लगेच फोन आला. मी गेलो, सतरंजीवर बसलो आणि एकेकावर बोट ठेवून सांगत सुटलो. हा तांबडा गरुड चौथ्या डिव्हिजनचा, ही काळी मांजर सतराव्या डिव्हिजनची, हा खंजीर एकोणिसाव्या डिव्हिजनचा. पोरं हरखून गेली. धाकटा भाऊ मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत होता. आणि ती मध्येच हे विचारून माझ्याकडे बघत राहिली.

त्या क्षणी मला तिला उत्तर देता येईना. पतपेढीत परतल्यावर पासबुकं भरतानासुद्धा तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला.

नातवांचा बेत वेगळाच होता. वर्षश्राद्धाला मोठी काचेची चौकट करायची, मधोमध आप्पांचा वर्दीतला फोटो, भोवती सगळे बिल्ले, आणि खाली ठळक अक्षरांत ‘शौर्यचिन्हं’. फ्लेक्सवाल्याशी बोलणंही झालं होतं. त्यांचा उत्साह बघून मला बरं वाटत होतं, कारण आपल्याकडे फौजी माणूस गेला की ट्रंक भंगारात आणि मेडलं देव्हाऱ्याच्या कोनाड्यात, एवढंच बहुतेक घरांत होतं. पण त्या ‘शौर्यचिन्हं’ शब्दाशी मी अडलो. बाहीवरचा बिल्ला शौर्यासाठी मिळत नाही. तो त्या घडीला माणूस कुणाच्या हाताखाली उभा होता तेवढं सांगतो. आप्पांच्या शौर्याला मी कमी लेखत नाही. बर्फातल्या घाटात वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्याला दुसऱ्या कुणाच्या पाठिंब्याची गरज नाही. पण ज्या बिल्ल्याखाली आप्पा कधी उभेच राहिले नाहीत तो त्यांच्या नावावर काचेत लावायचा, हे मला पटेना. आप्पांनाही पटलं नसतं. हिशेबात त्यांना एका रुपयाची लांडीलबाडी चालत नसे.

आप्पा एएससीत, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या दलात, ड्रायव्हर होते. साठीच्या दशकाच्या अखेरीस भरती झाले आणि हवालदार होऊन घरी आले. टोपीवरचा बॅज सांगतो की माणूस मराठा लाइट इन्फंट्रीचा, महार रेजिमेंटचा की एएससीचा. तो भरतीपासून पेन्शनीपर्यंत बहुधा एकच राहतो. बाहीवरचा बिल्ला मात्र डिव्हिजनचा, अनेक डिव्हिजन मिळून होणाऱ्या कोरचा, किंवा त्याहून मोठ्या कमांडचा. बदली झाली की जुना उसवायचा आणि नवा शिवायचा. त्यात ड्रायव्हर म्हणजे आज इथं, उद्या तिथं. म्हणून एका ड्रायव्हरच्या ट्रंकेत चारपाच बिल्ले त्याचे स्वतःचे असणं अगदी सहज. पण डब्यात होते त्याच्या कितीतरी पट जास्त.

बिल्ले ओळखायला सुरुवात कापडाच्या रंगापासून करावी लागते, चित्राकडे नंतर यायचं. मागचं कापड आडव्या तीन पट्ट्यांचं असेल, तांबडा-काळा-तांबडा, तर ती कमांड. आपल्या पुण्याच्या सदर्न कमांडचे तारे याच पट्ट्यांवर असतात. तांबडा-पांढरा-तांबडा असेल तर कोर. तेजपूरच्या चौथ्या कोरचा धावता हत्ती आणि भोपाळच्या एकविसाव्या कोरचं सुदर्शन चक्र अशा पट्ट्यांवर बसतात. हे सुदर्शन चक्र मला विशेष वाटतं, कारण श्रीलंकेतून १९९० मध्ये शांतिसेना परतली तेव्हा तिचंच मुख्यालय पुढं एकविसावी कोर झालं. अकराशेहून अधिक जवान तिकडे शहीद झाले, आणि त्या मोहिमेचा धागा आज असा एका चक्रात उरला आहे. डिव्हिजनचे बिल्ले बहुतेक काळ्या कापडावर. तिथं पट्ट्या नाहीत, आकडाही नाही. आकडा दिसू नये हाच तर त्यामागचा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धात ही चिन्हं सगळीकडे पसरली ती शत्रूला नंबर कळू नये आणि आपल्या माणसाला लांबूनच आपली गाडी कळावी म्हणून. तरी कुणीतरी चित्रात आकडा लपवायचाच. दहाव्या डिव्हिजनच्या दोन तिरप्या तांबड्या पट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यात रोमन दहा दिसल्याशिवाय राहत नाही.

गरुड, मांजर, खंजीर, वाघ, इस्पिकचा एक्का ही मंडळी कुणालाही सापडतात. मला गुंतवलं ते वेगळ्याच तिघांनी.

पहिला होता तांबड्या कापडावर पिवळ्या धाग्यानं भरलेली तीन क्लोव्हरची पानं. लेक म्हणाली फुलं, आणि ती फुलंच वाटत होती. आजच्या आठव्या माउंटन डिव्हिजनशी त्याचा काही मेळ बसत नाही. ती १९६३ साली नागालँडच्या बाजूला उभी राहिली आणि कारगिलमध्ये द्रासला लढली. ही पानं तिच्याआधीच्या, ब्रिटिश काळातल्या आठव्या इंडियन डिव्हिजनची, १९४३ ते १९४५ इटलीत लढलेली. त्याच डिव्हिजनमध्ये मराठ्यांची पहिली पलटण होती, आणि त्याच पलटणीतले नगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन त्यांनी ती नदी ओलांडली होती. बिल्ल्याचा पिवळा धागा सुती, टाके हातानं घातलेले, कड दुमडून मागून टाचलेली. आप्पांचा जन्मच त्या लढाईनंतरचा. मी मायला विचारलं. ती पंखा हलवत म्हणाली, “तो त्यासना मामाना शे.” बस्स, एवढंच. पण घरात कुणालाच आप्पांचे मामा लढाईवर गेल्याचं माहीत नव्हतं. थोरला मुलगा आईकडे बघतच राहिला.

दुसरा होता फिकट निळा, त्यावर पांढरा जगाचा नकाशा आणि दोन बाजूंनी ऑलिव्हच्या फांद्या. संयुक्त राष्ट्रांचा. हा ओळखायला सोपा, पण आप्पांच्या डब्यात तो आला कसा? नातवंडं त्यात भारत शोधत होती आणि सापडत नव्हता, कारण तो नकाशा उत्तर ध्रुवावरून बघितलेला आहे. भारत उजव्या हाताला आडवा, कन्याकुमारी बाहेरच्या बाजूला. सापडल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या फौजा १९५६ ते १९६७ गाझात होत्या, १९६० नंतर काँगोत होत्या. आप्पा उमेदवारीत ज्या उस्तादांच्या शेजारी बसून गिअर शिकले असतील, त्यांच्यापैकी कुणीतरी तिकडे जाऊन आलेला असणार असा माझा कयास. डिस्चार्ज बुकात परदेशसेवेचा रकाना कोरा आहे, म्हणजे तो आप्पांचा नव्हे एवढं नक्की.

आणि तिसरा. काळ्या चौकोनावर नुसता तांबडा गोल. ना प्राणी, ना शस्त्र. सुनेनं तो बाजूला काढून ठेवला होता, कारण बाकीचे रंगीत आणि हा मळका, कडेनं सुटलेला. “हे कुंकवासारखं काय आहे, कशाचं ठिगळ आहे का?” असं तिनं विचारलंही होतं. धुण्याच्या बादलीत जाता जाता तो राहिला.

तो पाचव्या डिव्हिजनचा. बॉल ऑफ फायर. इरिट्रियात केरेनला लढलेली, मार्च १९४४ मध्ये आराकानातून विमानांनी उचलून इंफाळच्या लढाईत उतरवलेली, नंतर बर्मा उतरून सिंगापूरपर्यंत पोचलेली डिव्हिजन. आज ती माउंटन डिव्हिजन आहे, अरुणाचलात बोमदिलाच्या बाजूला. हा सगळा इतिहास मला तोंडपाठ होता. तरी त्या दुपारी मी तो बिल्ला हातात घेऊन नाव सांगितलं आणि खाली ठेवला. लेकीचा प्रश्न मनात घेऊन पुन्हा गेलो तेव्हा मात्र नीट बघितला.

सोबत पतपेढीतला नोटा तपासायचा दिवा घेतला होता. खोली बंद करून, पडदे लावून, त्या निळ्या उजेडाखाली आम्ही एकेक बिल्ला धरला. अलीकडच्या नायलॉन-पॉलिस्टर धाग्यात आणि पांढरेपणा वाढवणारं द्रव्य घातलेल्या कापडात एक पांढुरकी निळी चमक येते, जुन्या सुती कापडात ती येत नाही. बाजारात जुने म्हणून विकले जाणारे कितीतरी बिल्ले या दिव्याखाली उघडे पडतात. पण जुना बिल्ला एकदा जरी धुण्याच्या पावडरीत बुडाला तरी तोही चमकायला लागतो, कारण पावडरीतच ते द्रव्य असतं. म्हणून मी हात जोडून सांगतो, घरात असं काही सापडलं तर धुऊ नका, इस्त्री करू नका, डिंकानं चिकटवू तर मुळीच नका. त्यावरची धूळसुद्धा पुरावा असते. गरुड, मांजर, खंजीर दिव्याखाली काळे राहिले. म्हणजे जुने, आणि न धुतलेले. पण त्यांच्या पाठी कोऱ्या होत्या. एकाही टाक्याचं भोक नाही, टिचबटण नाही, काळा रंग पुढून-मागून सारखाच गडद. ते कुणाच्याच बाहीवर कधी चढले नव्हते.

तांबड्या गोलाचं तसं नव्हतं. त्याचा काळा रंग पुढून विटून हिरवट-तपकिरी झालेला, आणि मागून बघावं तर काजळी काळा. म्हणजे वर्षानुवर्षं ऊन लागलं ते पुढच्याच बाजूला. मागं वरच्या दोन कोपऱ्यांना टिचबटणं होती, धुताना बिल्ला काढून ठेवता यावा म्हणून लावतात तशी. एक गंजलेलं, दुसऱ्याच्या जागी नुसतं भोक आणि त्याभोवती तपकिरी कडं. गोलाच्या खालच्या अंगाला तांबडा धागा झिजून खालचं कापड दिसत होतं, एका बाजूलाच. मी बराच वेळ विचार केला. मग थोरला मुलगा, जो स्वतः ट्रॅक्टर चालवतो, म्हणाला, “दरवाजा. खिडकीतून हात बाहेर ठेवला की तिथंच घासतं.” त्यानं खुर्चीवर बसून हात तसा ठेवून दाखवला. कोपर खिडकीच्या कडेवर, बाही वर चढलेली. सगळे गप्प झाले. मेडलांमध्ये सैन्य सेवा मेडल होतं, त्याच्या फितीवरच्या पट्टीवर नेफा. अरुणाचलला १९७२ पर्यंत नेफा म्हणत. दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर येऊन मिळाल्या.

तो रस्ता आप्पांच्या बोलण्यात यायचा, पण तुकड्यातुकड्यांनी. तेजपूर, भालुकपाँग, टेंगा, बोमदिला, दिरांग, मग सेला आणि पलीकडे तवांग. तीनशे किलोमीटरहून जास्त, आणि सेला तर तेरा हजार सातशे फुटांवर. आता तिथं बोगदा झाला आहे, मार्च २०२४ मध्ये. आप्पांनी तो बातम्यांत बघितला होता की नाही मला माहीत नाही, विचारायचं राहूनच गेलं. मी लहान असताना ते सुट्टीवर आले की आम्ही पोरं त्यांच्याभोवती बसायचो आणि बंदुकीचं विचारायचो. ते सांगायचे त्यांच्या शक्तिमान ट्रकचं. पहाटे इंजिन कसं गारठतं, चाकांना साखळ्या कशा बांधायच्या, पुढच्या गाडीचा मागचा दिवा दिसेनासा झाला की काय करायचं. आम्हाला कंटाळा यायचा. जळगावहून भुसावळ, तिथून गाड्या बदलत, शेवटी मीटरगेजवरून रंगापाऱ्यापर्यंतचा तो प्रवास ते इतक्या बारकाव्यानं सांगायचे की जणू लढाई तीच होती. आज वाटतं, होतीच. ट्रकमधून वर जाणारं रॉकेल, पीठ, डाळ पोचलं नाही तर वरच्या पलटणीचं काय होणार हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मग माय उठली. इतका वेळ ती दाराशी बसून होती, आमचं दिवा लावणं, बघणं, कुजबुजणं सगळं बघत. तिनं सतरंजीवरून एक बिल्ला उचलला, काळ्यावर पिवळा तिरपा बाण. सातवी डिव्हिजन, गोल्डन ॲरो, फिरोजपूर. तो मी पहिल्या दिवशी झटकन सांगून टाकला होता. तिनं तो उलटा केला, डोळ्यांजवळ नेला आणि कडेला अडकलेल्या निळ्या दोऱ्याच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. म्हणाली, “हाऊ टाका मना शे.” शेवटच्या सुट्टीत आप्पांनी वर्दीचा शर्ट घरी आणला होता, बाही उसवलेली होती, खाकी दोरा घरात नव्हता म्हणून तिनं पोलक्याच्या निळ्या दोऱ्यानं धावदोरा घातला. आप्पा म्हणाले होते, परेडला साहेब बघेल. तरी ते तसंच घालून गेले. हे तिनं मराठी-अहिराणी मिसळून, मध्येच हसत सांगितलं. आप्पा गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो.

तेव्हा लेकीच्या प्रश्नाचं उत्तर असं. दोन नक्की आप्पांचे, चौथ्या कोरचा हत्ती बहुधा त्यांचाच, एक मामांचा. आणि बाकीचे?

बाकीच्यांनी मला जास्त विचारात पाडलं. फौजेत बिल्ल्यांची देवाणघेवाण चालते. ट्रान्झिट कॅम्पात, लष्करी दवाखान्यात, कोर्सवर, रेल्वेच्या डब्यात. नवा कोरा बिल्ला कॅन्टीनच्या बाजूच्या दुकानात मिळतो, तो आपल्या हातानं दुसऱ्याला द्यायचा. डब्यातला लढाऊ कोंबडा, तेविसाव्या डिव्हिजनचा, असाच आलेला. त्याच्या पाठीवर शाईनं, देवनागरीत, एक आडनाव आणि खाली ‘जि. सारन’ असं लिहिलेलं आहे, म्हणजे बिहारमधला सारन जिल्हा. शाई कापडात पसरली आहे, तरी वाचता येते. १९७१ च्या लढाईत तेविसावी, सत्तावन्नावी आणि आठवी डिव्हिजन पूर्वेला चौथ्या कोरच्या हाताखाली होत्या, आणि कोरचं एरवीचं ठाणं तेजपूरला, जिथून आप्पा गाडी भरून वर निघत. त्या काळात कुठंतरी हे दोघं भेटले असतील. एक बोरीकाठचा, एक गंगेकाठचा. दोघांनाही एकमेकांची बोली धड कळत नसणार. आप्पांनी बदल्यात काय दिलं असेल याचा अंदाज बांधायला फार अक्कल लागत नाही. सारन जिल्ह्यात कुठल्यातरी घरी, एखाद्या पेटीत, काळ्या चौकोनावरचा तांबडा गोल पडलेला असेल. तिथल्या सुनेलाही तो कशाचा हे माहीत नसेल.

मी हे बोललो तेव्हा लेक म्हणाली, “मग तो कोंबडा त्यांच्या घरी पाठवून देऊ.” मला ते मान्य नाही. दिलेली वस्तू परत पाठवली तर देणाऱ्याचं देणं पुसलं जातं. थोरला म्हणाला, नुसता फोटो पाठवा. यावर घरात चांगला वाद झाला, आणि त्या वादात चौकटीचा विषय आपोआप बदलला. आता चौकटीत फोटोबरोबर दोनच बिल्ले राहणार आहेत, तांबडा गोल आणि बाण, निळ्या दोऱ्यासकट. मागं आम्लविरहित कागद, काचेला कापड टेकणार नाही अशी फट, आणि चौकट ज्या भिंतीवर ऊन येत नाही तिथं. खालच्या ओळीत आप्पांचं नाव, हुद्दा आणि ‘तेजपूर ते तवांग, फिरोजपूर’. पोरांनी ‘शौर्यचिन्हं’ स्वतःहून खोडलं. बाकीचे बिल्ले धुतलेल्या मलमलीत एकेक गुंडाळून, प्रत्येकाबरोबर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी घालून, पुन्हा डब्यात. मामांच्या चिठ्ठीवर काय लिहायचं यासाठी त्यांचं नाव हवं होतं. मायला ते आठवत नाही, तिच्या सासूनं ते कधी उच्चारलं नव्हतं. आता मामांच्या गावाला जाऊन कुणी जुनं माणूस आहे का बघायचं ठरलं आहे.

सारन जिल्ह्याचं ठाणं असलेल्या छपऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आम्ही हिंदीत पत्र टाकलं आहे, कोंबड्याच्या पुढच्या-मागच्या बाजूच्या फोटोंसह. नुसत्या आडनावावर कुणी सापडणं कठीण, पण तेविसावी डिव्हिजन एवढं तरी लिहिता आलं. दरम्यान शिंदखेड्याकडून एक निरोप आला आहे. आप्पांबरोबर त्याच रस्त्यावर गाड्या चालवलेले एक फौजी तिथं आहेत. त्यांच्या मुलाला मी बिल्ल्यांचे फोटो पाठवले होते. तो फोनवर म्हणाला, “काका, फोटोत बाबांना काही दिसत नाही. डबाच घेऊन या. आणि सकाळीच या, दुपारी ते झोपतात.”